मिस अर्नेस्टीनचा फोन

"नगरसेविका लोरेन टिबेट यांचं ऑफिस. बोला," मी म्हणालो.

"नमस्कार. मी चौथ्या वॉर्डात राहते. आजच्या मतदानात नगरसेविकांनी 'नाही' म्हणावं, अशी माझी मागणी आहे. आम्हाला अर्धीमुर्धी ऊब नको. आम्ही पाहतो आहोत."

सकाळपासून हेच चाललं होतं. माणूस बदलायचा, वाक्य तेच. फक्त हा आवाज मी जरा जास्तच वर्षं ऐकत आलो होतो.

"नलिनी? अगं, मी बोलतोय."

"माहितीय मला. मधे बोलू नका, माझं अजून व्हायचंय." बायको पुन्हा इंग्रजीत शिरली. "आम्ही पाहतो आहोत आणि आम्ही विसरणार नाही. थँक यू." मग मराठीत, "डब्यात भरली वांगी दिलीत. गार खाऊ नका." आणि फोन ठेवला.

मी फोन खाली ठेवतो न ठेवतो तोच तो पुन्हा वाजला.

ही गोष्ट अमेरिकेतल्या एका शहरातली. शहराचं नाव सांगत नाही, कारण त्यांच्याकडून मला पेन्शन मिळते. मोठ्या तळ्याकाठचं, कारखाने बंद पडलेलं शहर. फेब्रुवारीत तळं गोठतं आणि वारा असा सुटतो की कुत्रीसुद्धा घरातूनच भुंकतात. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यावर मी लोरेनच्या ऑफिसात लोकांच्या तक्रारी ऐकायच्या कामाला लागलो होतो. माझं नाव दिगंबर. तिकडे कुणाला ते झेपत नाही, म्हणून मी 'मिस्टर डी'.

तो फोनचा भडिमार करवत होती माझी मुलगी. केतकी. भाडेकरू संघाची कार्यकर्ती. वकिलीचं शिक्षण अर्ध्यात सोडून ती त्या संघात गेली, तेव्हा मी आठवडाभर जेवलो नव्हतो, म्हणजे घरी जेवलो नव्हतो. आणि तिला त्या संघात ओढणारी बाई म्हणजे लोरेन टिबेट. संघ लोरेननंच उभा केला होता. नगरसेविका व्हायच्या आधी ती आमच्या स्वयंपाकघरात बसून हातानं पिठलं-भाकरी खायची आणि केतकीला शिकवायची. मोर्चा कुठे वळवायचा. पोलिसाशी कोणत्या सुरात बोलायचं. पुढाऱ्याचा फोन दिवसभर कसा वाजता ठेवायचा. फोनची युक्ती तिचीच. आधीच्या नगरसेवकानं वैतागून फोनची वायर उपटली, त्याचा फोटो पेपरात आला, आणि पुढच्या निवडणुकीत त्याच्या खुर्चीवर लोरेन बसली. तेव्हापासून तिच्या ऑफिसात नियम होता: प्रत्येक फोन माणसानं उचलायचा, शेवटपर्यंत ऐकायचा, आणि वायरीला कुणी हात लावायचा नाही.

लोरेन माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. पन्नाशीची, उंच, काळी बाई, चष्मा कपाळावर. मी फोन तिच्या कानापुढे धरला. तिनं ऐकलं.

"चांगलं लिहिलंय," ती म्हणाली. "फार काही बदललं नाही तिनं. 'अर्धीमुर्धी' हा शब्द नवा घातलाय."

"वायर काढू का?"

"मिस्टर डी, त्यापेक्षा माझा गळा कापा."

भांडण असं होतं. लिंडन कोर्ट नावाच्या जुन्या इमारतीचा बॉयलर नाताळात फुटला. मालक म्हणजे कुठल्याशा दूरच्या राज्यातली कंपनी. तिला बॉयलर दुरुस्त करण्यात रस नव्हता, माणसं गारठून आपोआप निघून जाण्यात होता. लोरेननं कायदा आणला: मालक हलत नसेल तर शहरानं बॉयलर दुरुस्त करावा आणि मालकाकडून वसूल करावं. पण मतं जुळेनात. मग तिनं विरोधी नगरसेवकांचं एक कलम गिळलं. दुरुस्ती चालू असताना भाडेकरूंनी बाहेर राहायचं, आणि त्यांना जुन्या भाड्यात परत घेण्याची सक्ती मालकावर नाही. केतकीचं म्हणणं, हा ऊब देण्याचा नव्हे, घराबाहेर काढण्याचा कायदा आहे. लोरेनचं म्हणणं, आधी माणसं जगू देत, परत यायचं कलम पुढल्या वर्षी आणू. दोघींचं म्हणणं बरोबर होतं. त्या भांडणाची तीच मोठी अडचण होती.

आणि दोघी ज्यांचं नाव घेऊन भांडत होत्या त्या मिस अर्नेस्टीन. तिकडे वडीलधाऱ्या बाईला नावाआधी 'मिस' लावतात, आपण नावापुढे 'बाई' लावतो तसं. ऐंशी ओलांडलेल्या, एकट्या, लिंडन कोर्टच्या तिसऱ्या मजल्यावर. लग्न होऊन त्याच घरात आल्या, नवरा त्याच घरातून गेला. थंडीपुरतं कुठे तरी राहा म्हणून मी त्यांच्या दोनदा विनवण्या केल्या होत्या. चर्चच्या अतिथीघरात खोली होती. त्या म्हणाल्या, "बाळा, मी बाहेर पडले ना, की ते दार बाहेरून लागणार." साठी उलटलेल्या माणसाला बाळा म्हणणारं त्या शहरात तेवढं एकच माणूस होतं.

दुपारी केतकी शिष्टमंडळ घेऊन आली. अंगावर माझाच जुना कोट. सिटी हॉलच्या पायऱ्यांवर लिंडन कोर्टचे यच्चयावत भाडेकरू जमले होते. खालून ढोलकं ऐकू येत होतं.

"बाबा, जेवलास?" तिनं मराठीत विचारलं.

"तुझे फोन जेवू देतील तर."

"मग लोरेनला सांग 'नाही' म्हणायला. दोघांनाही जेवता येईल."

लोरेन बाहेर आली. दोघी मिठी मारायला पुढे झाल्यासारख्या झाल्या आणि मधेच थांबल्या. केतकीबरोबरच्या पोरांनी हवेत चुटक्या वाजवल्या. त्यांच्यात टाळ्या वाजवत नाहीत, बोलणाऱ्याचा आवाज त्यात बुडतो म्हणून. अजून कुणी काही बोललंच नव्हतं, पण उत्साह होता.

"कलम काढ," केतकी म्हणाली.

"कलम काढलं की दोन मतं जातात. मग कायदाच जातो."

"जाऊ दे."

"आणि मिस अर्नेस्टीन? त्यांना काय सांगू? थंडी वाजली तर घोषणा पांघरा?"

"ठराव सभेत एकमतानं झालाय. मिस अर्नेस्टीननंही हात वर केला."

"त्यांना विचारलंस, की हात वर करायला सांगितलंस?"

केतकी हसली. हसली की ती अगदी तिच्या आईसारखी दिसते, आणि तेव्हा घाबरायचं असतं. "हाच प्रश्न तू मला शिकवलास, लोरेन. सत्तेच्या आत जाणाऱ्या माणसाला विचारायचा असतो. बाहेर असलेल्याला नाही."

चुटक्या वाजल्या.

"मी आत आहे म्हणून आज मतदान तरी आहे," लोरेन म्हणाली.

"तू आत आहेस म्हणून ते कलम आहे."

लोरेननं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, केतकीकडे नीट पाहिलं आणि वरच्या मजल्यावर सभागृहात निघून गेली. केतकी पायऱ्यांवर परतली. मी वांगी उघडली. फोन वाजला.

"नमस्कार. मी चौथ्या वॉर्डात राहते." आवाज संथ होता, एकेक शब्द उचलून ठेवावा तसा. "आजच्या मतदानात... नगरसेविकांनी..."

"मिस अर्नेस्टीन? मी मिस्टर डी."

"बाळा, थांब. मला पहिल्यापासून वाचावं लागेल." त्यांनी पहिल्यापासून वाचलं. अर्धीमुर्धी ऊब नको, इथे त्यांना खोकला आला. 'आम्ही पाहतो आहोत' त्यांनी दोनदा म्हटलं.

"घर कसं आहे? फार गारठलंय का?"

"आज त्यावर बोलायचं नाही. सभेत ठरलंय. सगळ्यांनी एकच मागणी, आपापलं रडगाणं गायचं नाही. केतकीनं नीट समजावलंय." मग त्या म्हणाल्या, "गुणी पोर आहे तुझी."

"तुम्हाला बरं नाही का?"

"डोकं धरलंय थोडं. सकाळपासून लावतेय फोन. तुझा सारखा एंगेज."

त्यापुढे त्या थोडंसंच बोलल्या आणि फोन ठेवला. मी उलट फोन लावायला गेलो तर बाहेर जाणारी एकही लाइन मोकळी नव्हती. खिशातल्या मोबाइलवरून लावला. वाजत राहिला. मग आणीबाणीच्या नंबरावर लावला. पलीकडच्या बाईनं विचारलं, "त्यांनी मदत मागितली का?"

"नाही."

"मग काय मागितलं?"

"मत," मी म्हणालो. घसरलेल्या गाड्यांमागे सगळे गेलेत, मोकळे होतील तसे पाठवते, म्हणाली.

मी पायऱ्यांवर पळालो. इमारतीतला प्रत्येक माणूस तिथे होता, म्हणजे इमारतीत मिस अर्नेस्टीनखेरीज कुणी नव्हतं. केतकीच्या हातात कर्णा होता.

"केतकी, मिस अर्नेस्टीनचा आवाज बरा नाही. कुणाला तरी पाठव. शेजारच्याकडे किल्ली असेल."

तिनं कर्णा खाली घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिचा बाप नसून खात्याचं परिपत्रक आहे. "लोरेननं पाठवलं तुला?"

"नाही गं."

"मतदानाच्या तोंडावर कुणीतरी आजारी पडतं, मग गर्दी पांगते. तिनंच मला सांगितलंय, ऑफिसवाले हे हमखास करतात. बाबा, तुला वापरतायत. आज मी इथून एक माणूस हलवणार नाही."

"मला कोण वापरणार? मी पाणीपुरवठा खात्यातला माणूस."

"म्हणूनच," ती म्हणाली आणि पुन्हा कर्णा तोंडाला लावला.

मी जिना चढून सभागृहाच्या दाराशी गेलो. नगरसेविकेनं एक शब्द टाकला तर अग्निशामक दलाची गाडी तत्काळ निघते. चिठ्ठी आत पाठवली. लोरेन दारापर्यंत आली, एक पाय आत ठेवूनच.

"मिस अर्नेस्टीनला काहीतरी झालंय. अग्निशामकवाल्यांना सांगा."

तिचा चेहरा आधी उतरला. मग मी तो घट्ट होताना पाहिला. "मिस्टर डी, तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

"मी स्वतः ऐकलं. फोनवर."

"तो फोन कुणी करायला लावला?" तिनं आत बघितलं. मतासाठी पुकारायचं पुढचंच नाव तिचं होतं. "मत मोजायच्या वेळी आपला माणूस सभागृहाबाहेर काढायचा. म्हातारी पडली, पोर हरवलं, काहीही सांगायचं. मीच शिकवलंय तिला. स्वयंपाकघरात, तुमच्याच."

"लोरेन, पोरगी माझी असेल. आवाज मिस अर्नेस्टीनचा होता."

"मत दिलं की लगेच करते फोन. शब्द देते." आणि दार लागलं.

दोघींनी एकमेकींना पाठ केलं होतं. त्यात माझ्यासारख्या माणसाला खरं बोलायला जागा उरली नव्हती.

मी गाडी काढली. बर्फावरून ती बैलगाडीच्या बेतानं चालली. लिंडन कोर्टचं खालचं दार उघडंच होतं. वरचं बंद, मी खांदा मारला, दुसऱ्यांदा मारला, मग लाकूड जुनं होतं म्हणून तुटलं, माझा जोर म्हणून नाही.

मिस अर्नेस्टीन स्वयंपाकघरात खुर्चीवर होत्या. अंगात कोट, डोक्याला चर्चची टोपी. समोर गॅसच्या ओव्हनचं दार सताड उघडं आणि आत निळी ज्योत. तिकडे गरीब माणूस असंच घर तापवतो. मांडीवर फोन, त्याच्याखाली घडी घातलेला कागद. खोली उबदार होती. त्या इमारतीत तेवढी एकच.

मी गॅस बंद केला, खिडकी उघडायला गेलो. ती उघडेना. चारही कडांनी प्लास्टिक ताणून वर पट्टी लावली होती, वारा येऊ नये म्हणून, इतकी नीट की नखही शिरेना. ते प्लास्टिक लोरेनच्या ऑफिसनं वाटलं होतं. पट्ट्या केतकीच्या पोरांनी लावल्या होत्या. नोव्हेंबरात, दोघी अजून एका गाडीतून हिंडत होत्या तेव्हा. मी भाजी चिरायच्या सुरीनं ते फाडलं. माझंच डोकं भणभणायला लागलं होतं. मी त्यांना खुर्चीसकट दारापर्यंत ओढलं. हात धरला, तो अजून ऊन होता, त्यामुळे मी बराच वेळ त्यांच्याशी बोलत राहिलो. अग्निशामकवाले आले, त्यांनी एका यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला बाहेर नेलं. ज्योतीतून विषारी वायू होतो, घर बंद असेल तर कोंडतो, त्याला वास नसतो, असं त्यांच्यातल्या एकानं मला हळूहळू समजावून सांगितलं. मला ते माहीत होतं. मी त्याला बोलू दिलं.

खाली आलो तेव्हा मोबाइलवर लोरेनचा निरोप होता. कायदा एका मतानं मंजूर झाला होता. तिनं शब्द दिल्याप्रमाणे लगेच फोन केला होता.

मिस अर्नेस्टीनच्या अंत्यप्रार्थनेच्या दिवशी चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात मी कॉफीची भांडी विसळत होतो. वर माणसं भरली होती. निम्मी एका बाजूच्या बाकांवर, निम्मी दुसऱ्या. लग्नात बसतात तशी. केतकी आत आली. तिचे डोळे सुजले होते. तीन दिवस ती आमच्याकडेच होती आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. माझ्याशी बोलली नव्हती.

"बाबा, शेवटचा फोन तू घेतलास. काय म्हणाली ती?"

उत्तर द्यायच्या आधी दुसऱ्या दारातून लोरेन आली. केतकीला पाहून थबकली, पण परत फिरली नाही. तिच्याही डोळ्यांना तेच झालं होतं.

"मलाही तेच विचारायचंय," ती म्हणाली. "कायद्याला मिस अर्नेस्टीनचं नाव द्यायचं चाललंय. मला वर बोलायचंय."

"तिचं नाव? त्या कायद्याला?" केतकीचा आवाज चढला. "ती त्या कायद्याविरुद्ध बोलत मेली!"

"ती थंडीनं मेली, केतकी. कायदा आधी असता तर..."

"हळू," मी म्हणालो. "वर पेटीत आहेत त्या."

वर कुणीतरी पियानो वाजवत होतं.

मी हात पुसले आणि जसं होतं तसं सांगितलं. त्यांनी कागद वाचला, पहिल्यापासून. मी थंडीबद्दल विचारलं, त्या म्हणाल्या, आज त्यावर बोलायचं नाही असं ठरलंय. केतकीनं ओट्याची कड धरली. "आणि शेवटी," मी म्हणालो, "त्या म्हणाल्या, लोरेनला सांग, दर वेळी मत मी तिलाच दिलंय. केतकीला सांग, वाचताना एक शब्द गाळला नाही. दोघींचं झालं. आता दोघींचं भांडण मिटलं की मग माझ्या बॉयलरचं बोलू."

पियानो थांबला. लोरेन भिंतीला टेकली. केतकीनं तोंडावर हात घेतला. मला वाटलं, आता कुणीतरी हात पुढे करील. मी ओली भांडी उचलून जरा बाजूलासुद्धा झालो, मधे नको म्हणून.

तेवढ्यात जिन्यावरून एकानं लोरेनला हाक मारली आणि दुसऱ्यानं केतकीला.

वर लोरेन बोलली: "शेवटच्या फोनवर मिस अर्नेस्टीन म्हणाल्या, दर वेळी मत मी तिलाच दिलंय." पुष्कळ जण रडले. मग केतकी बोलली: "शेवटच्या श्वासापर्यंत तिनं आपली मागणी वाचली, एक शब्द न गाळता." उरलेले रडले. कुणीही खोटं बोललं नाही. बॉयलरचं वाक्य दोघींनीही घेतलं नाही. ते कुणाच्या बाजूचं नव्हतं.

मार्च संपता संपता कंपनीनं अर्ज केला की इमारतीत विषारी वायूनं मृत्यू झालाय, सबब ती राहण्यास धोकादायक आहे. शहरानं ती रिकामी करवली. नव्या कायद्यात परत यायचं कलम नव्हतं, आणि दुरुस्तीची तरतूद धोकादायक इमारतीला लागू नव्हती. दोघींनाही दोन्ही गोष्टी एकाच सकाळी कळल्या.

त्या सकाळी मी तिथे गेलो. दारावर फळ्या ठोकल्या जात होत्या, बाहेरून. एका फुटपाथवर लोरेन आणि तिची माणसं, समोरच्या फुटपाथवर केतकी आणि तिची. घोषणा दोन्हीकडे एकच होती, ऊब भीक नाही, हक्क आहे. जुनी, संघाच्या पहिल्या दिवसांतली. पण एक बाजू अर्ध्या तालानं मागे पडत होती आणि कुठलीच बाजू थांबून दुसरीला गाठायला तयार नव्हती, त्यामुळे मधे उभं राहिलं की एकही शब्द लागत नव्हता.

मी मधे उभा होतो. पोलिसानं माझ्या दंडाला हात लावला.

"आजोबा, रस्ता मोकळा करा. कुठल्या तरी एका बाजूला व्हा."

मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग गाडीत जाऊन बसलो, काचा वर केल्या आणि हीटर लावला. तो लगेच लागला.